अंगात जोर होता

तुळशीचं लग्न लागलं की वऱ्हाडात सोयरिकींची धांदल सुरू होते. कापसाच्या पहिल्या वेचणीचा पैसा हाती आलेला असतो, सकाळी अंगावर घोंगडं ओढून घ्यावंसं वाटू लागतं आणि एस.टी.त मुलगी पाहायला निघालेली माणसं त्यांच्या कडक इस्त्रीवरून ओळखू येऊ लागतात. अशाच एका दुपारी माझ्या अकोल्याच्या घरी पंचेचाळिशीतला एक गृहस्थ आला. पायाला हात लावून म्हणाला, "साहेब, वळखलं का? मी दफ्तरीचा पोरगा."

चेहरा ओळखता आला नाही, पण कपाळ ओळखलं. बापाचंच कपाळ.

दफ्तरी हे त्याचं आडनाव नव्हे. बँकेत संगणक येण्यापूर्वी दफ्तरी नावाची एक जागा असे. लेजरं कपाटातून काढून देणं, संध्याकाळी परत लावणं, फाटलेली पानं चिकटवणं, जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे शिवून ठेवणं ही त्याची कामं. त्या माणसाचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ज्या कामासाठी त्याचा मुलगा आला होता ते कामच नावाला जपण्याचं होतं.

मुलाने चहाचा कप तसाच ठेवला आणि विषयाला हात घातला. त्याच्या मुलीची सोयरीक अमरावतीला जमत आली होती. साक्षगंधाची तारीख निघणार, तेवढ्यात कुणीतरी तिकडच्यांच्या कानावर घातलं की मुलीचा आजा टीबीनं गेला, त्या घरात टीबी आहे. तेव्हापासून तिकडून फोन नाही.

"साहेब, तुमी शिकलेले, पुस्तकं लिवता," तो म्हणाला. "खरं सांगजा. बाप टीबीनं गेला, मंग माया पोरीच्या जीन्समधी थे असन का? हे रक्तातून येते का?"

मी म्हणालो, "नाही येत." आणि तिकडच्यांना समजवायला मी स्वतः अमरावतीला येतो, असंही बोलून बसलो. तो गेला. पण त्याच्या प्रश्नाने तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचं एक बंद कपाट उघडलं गेलं.

गोष्ट १९९१ सालची. दर्यापूर तालुक्यातल्या एका शाखेत मी अधिकारी होतो. आमचा दफ्तरी सहा फूट उंच, खांद्याने रुंद. ज्या लेजरांची दोन ओझी इतर माणसं दोन खेपांत नेत, ती तो दोन काखांत मारून एका खेपेत टेबलावर आणी. त्या पावसाळ्यात तो खोकू लागला. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, शर्ट खांद्यावरून उतरू लागला. अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात, ज्याला अमरावतीकर अजूनही इर्विनच म्हणतात, थुंकी तपासली आणि फोटो काढला. क्षय निघाला. इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू झाल्या. त्या काळी बऱ्याच ठिकाणी हे औषध वर्ष-दीड वर्ष घ्यावं लागे.

अडीच महिन्यांनी तो कामावर हजर झाला. अंगावर मांस आलेलं, खोकला नाही. "साहेब, आता मी एकदम फिट. गोया पाह्यल्या तरी मळमळते." सप्टेंबरचं अर्धवार्षिक क्लोजिंग अंगावर आलं होतं, लेजरं बॅलन्स होत नव्हती, आणि मला माझा माणूस परत मिळाला होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. एक प्रश्न मात्र विचारला नाही: गोळ्या संपल्या, की तू थांबवल्या?

त्याने थांबवल्या होत्या. दोन वर्षांनी दुखणं परत आलं ते अंगात मुरूनच. या खेपेला औषधं लागू पडेनात. १९९४ च्या हिवाळ्यात तो गेला. तेरवीला आम्ही बँकेतली माणसं त्याच्या अंगणात बसलो होतो. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हणालो, "मुळात बिचाऱ्याच्या अंगातच जोर नव्हता." त्याची बायको पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पेले ठेवले आणि आत गेली.

ते वाक्य किती खोटं होतं हे कळायला मला पुढची कित्येक वर्षं लागली. ते कशाने कळलं, ते सांगण्यासाठी आजचा हा लेख.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८८७ च्या फेब्रुवारीत, आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि याच रोगाने पुण्यात वारल्या. वय बावीसही पूर्ण नव्हतं. जंतू माहीत होता, औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडावं लागलं. या मधल्या काळात क्षय हा 'मुळात नाजूक' माणसांचा रोग आहे, काही घराण्यांचाच रोग आहे, अशी समजूत पक्की होत गेली. औषध आल्यावरही समजूत गेली नाही. माझ्या तोंडून तेरवीच्या दिवशी तीच बोलली.

प्रत्यक्षात होतं काय? क्षयाच्या रुग्णाच्या खोकल्यातून उडालेल्या सूक्ष्म थेंबांतून जंतू दुसऱ्याच्या फुफ्फुसात खोलवर जातात. तिथे हवेच्या फुगीर पिशव्यांत पहारेकरी बसलेले असतात. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात, मराठीत भक्षक पेशी म्हणू. त्यांचं काम नावाप्रमाणेच: आलेला परका गिळायचा, पोटातल्या एका पिशवीत कोंडायचा आणि त्यावर आम्ल व प्राणवायूपासून बनलेली जहाल द्रव्यं सोडून त्याचा निकाल लावायचा. बहुतेक जंतू असे रोज मरतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. क्षयाचा जंतू मात्र गिळला जातो आणि मरत नाही. पहारेकऱ्याच्या पोटातच तो बिऱ्हाड करतो.

तो हे कसं साधतो, याची एक वाट आपल्या देशातल्या एका प्रयोगशाळेत उजेडात आली. वऱ्हाड एकेकाळी निजामाच्या मुलखात होता, १८५३ साली फौजेच्या खर्चापोटी तो इंग्रजांकडे गेला. त्या निजामाच्या राजधानीत, हैदराबादेत, सेंटर फॉर डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नोस्टिक्स ही संस्था आहे. तिथे संजीव खोसला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम २०१५ साली प्रसिद्ध झालं. ते समजून घेताना मला सारखी आमची जुनी लेजरं आठवत राहिली, म्हणून त्याच भाषेत सांगतो.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एकच लेजर असतं. त्याचं नाव डीएनए. ताणलं तर लांबी सुमारे दोन मीटर, त्यात वीस हजारांच्या आसपास जनुकं, म्हणजे वीस हजार खाती समजा. डोळ्याच्या पेशीत आणि फुफ्फुसातल्या पहारेकऱ्यात लेजर तेच. फरक एवढाच की कुठे कोणती पानं उघडी आहेत आणि कोणती मिटलेली. हा दोन मीटरचा धागा केंद्रकात मावावा म्हणून हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एकेका रिळावर पावणेदोन वेढे. या रिळांवर पेशी बारीकबारीक रासायनिक खुणा करते. एक खूण असली तर धागा सैल पडतो आणि पान वाचता येतं. दुसरी असली तर घट्ट आवळला जातो आणि पान मिटतं. खात्यातलं अक्षर बदलत नाही, रक्कम बदलत नाही. फक्त व्यवहार चालू की बंद, तेवढं ठरतं.

जुन्या बँकेत अगदी हेच असे. खातेदाराने चेक हरवल्याचा अर्ज दिला की आम्ही त्याच्या पानाच्या डोक्यावर लाल शाईने 'स्टॉप पेमेंट' लिहायचो. खात्यात लाख रुपये असोत, त्या चेकवर काउंटरवरून दमडी हलायची नाही. लाल शाईचा अधिकार अर्थातच आमचा. बाहेरच्या माणसाने लेजरला हात लावायचा नाही, हा बँकेचा पहिला नियम.

क्षयाचा जंतू हा नियम मोडतो. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं ते असं: पहारेकऱ्याच्या पोटात बसलेला जंतू आपलं एक प्रथिन बाहेर सोडतो. त्याचं नाव आरव्ही १९८८. यातला आकडा सन नव्हे, जंतूच्या स्वतःच्या सुमारे चार हजार जनुकांच्या यादीतला तो क्रमांक. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात, म्हणजे स्ट्राँगरूममध्येच शिरतं आणि हिस्टोनच्या रिळावर एका ठरावीक जागी मिथाइल नावाची खूण करतं. जी पानं त्यामुळे मिटतात, त्यांत नेमकी ती जनुकं आहेत ज्यांच्या हुकुमाने प्राणवायूची जहाल द्रव्यं तयार होतात. पहारेकऱ्याच्या हातात बंदूक आहे, कोठारात दारूगोळा आहे, पण गोळी झाडण्याचा हुकूम निघत नाही. शास्त्रज्ञांनी जंतूतून हे एक जनुक काढून टाकलं, तेव्हा तोच जंतू भक्षक पेशींत पूर्वीसारखा तग धरू शकला नाही. त्याच प्रयोगशाळेने त्याच वर्षी जंतूचं आणखी एक प्रथिन दाखवलं. ते तर रिळावर न थांबता थेट डीएनएच्या धाग्यावर खुणा करतं.

ही चलाखी एकट्या क्षयाच्या जंतूची नाही. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा भरला होता. तिथे न्यूमोनियाची साथ आली आणि तिच्या मागे लिजिओनेला नावाचा, तोवर अनोळखी जंतू निघाला. तोसुद्धा फुफ्फुसातल्या भक्षक पेशीतच राहतो. २०१३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की तोही आपलं एक प्रथिन केंद्रकात धाडून हिस्टोनवर खूण करतो आणि बचावाची जनुकं दाबतो. दोन जंतूंचा एकमेकांशी संबंध नाही, पण कुलूप उघडायची युक्ती सारखी.

इथपर्यंत वाचलं तेव्हा मला आमचा दफ्तरी दिसू लागला. सहा फुटी, दोन काखांत लेजरं मारलेला. त्याच्या अंगात जोर होता. त्याच्या एकेका पेशीत तो जोर लिहिलेला होता. कुणीतरी परक्याने आत शिरून पानावर लाल शाईची रेघ ओढली होती, एवढंच.

मग गोळ्यांचं काय? हा जंतू फार सुस्त. आतड्यातला एखादा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. काही जंतू तर नुसते पडून राहतात, आणि पडून राहिलेल्या जंतूवर औषध सहज चालत नाही. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधांनी धावपळ करणारे जंतू मरतात. खोकला जातो, भूक लागते, वजन वाढतं. माणसाला वाटतं, बरा झालो. उरलेल्या चार महिन्यांची औषधं लपलेल्यांसाठी असतात. ती सोडली तर लपलेले उठतात, आणि अर्धवट औषधाशी झुंजून वाचलेले जंतू पुढे त्याच औषधाला दाद देईनासे होतात. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तपासलेल्या औषधांपैकी एकही त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. साऱ्या जगाने तेव्हा मुंबईकडे वळून पाहिलं. आमच्या दफ्तरीची कथा तीच, फक्त ती कुणी छापली नाही.

गोळ्या जंतूला मारतात. लाल शाई मात्र त्याबरोबर लगेच पुसली जातेच असं नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्षयरुग्णांच्या रक्तातल्या पेशी तपासल्या, तेव्हा लढाईच्या जनुकांवर जास्तीच्या खुणा दिसल्या, आणि उपचार संपल्यावरही काही महिने त्या टिकून होत्या. म्हणून बरा झालेला माणूस लगेच पूर्वीसारखा धट्टाकट्टा होईल अशी घाई करू नये. त्याला दूध, डाळ, अंडी आणि विसावा द्यावा.

याच गोष्टीची दुसरी बाजू आनंदाची आहे. फ्रान्समध्ये काल्मेत आणि गेरँ या दोघांनी गाईच्या क्षयाचा जंतू बटाट्याच्या कापांवर, पित्ताच्या रसात १९०८ पासून तेरा वर्षं वाढवत ठेवला. २३० वेळा एका कापावरून दुसऱ्यावर नेता नेता त्याची नांगी गेली. तीच आपल्या दंडावरची बीसीजी. ती लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून वाचवते, मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा कमी. पण २०१२ साली हॉलंडमधले मिहाय नेतेया आणि त्यांचे सहकारी यांनी निरोगी माणसांना बीसीजी टोचून तीन महिन्यांनी त्यांच्या रक्तातल्या पेशी पाहिल्या. त्या पेशी इतर जंतूंविरुद्धसुद्धा अधिक तडफेने उठत होत्या, आणि त्यांच्या हिस्टोनवर पानं उघडी ठेवणाऱ्या खुणा होत्या. एक जंतू पानं मिटवतो, त्याचाच नांगी काढलेला भाऊबंद पानं उघडतो. म्हणजे या खुणा कपाळावरच्या रेषा नव्हेत. त्या करता येतात, तशा बदलताही येतात. त्या पुसणारी औषधं क्षयाच्या गोळ्यांच्या जोडीला देता येतील का, याचा शोध त्यामुळेच सुरू आहे.

आता मुलीच्या बापाचा प्रश्न. जंतू खुणा करतो त्या रोग्याच्या लढणाऱ्या पेशींवर. वंश ज्या पेशींतून पुढे चालतो त्यांच्याशी या उचापतीचा संबंध नाही. क्षय वारशाने येत नाही, हवेतून येतो. एकाच घरात दोघातिघांना होतो तो एकाच खोलीतली हवा आणि एकाच ताटातलं अपुरं अन्न यांमुळे. जंतू अंगात शिरलेल्यांपैकीसुद्धा शंभरात पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधी रोग होतो. आणि अन्नाचं म्हणाल तर झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना सहा महिने जादा धान्य-डाळीची शिधा दिली, तेव्हा त्यांच्यात नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. जो रोग शिध्याने एवढा हटतो, तो रक्तात लिहिलेला कसा असेल?

रुग्णाला घराबाहेर काढण्याचंही कारण नाही, हे मद्रासच्या केंद्राने १९५९ सालीच सिद्ध केलं होतं. १९५६ पासून तिथे काही रुग्ण आरोग्यधामात आणि काही त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत ठेवून एकाच औषधाने बरे केले. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबांना त्यामुळे जास्त धोका झाला नाही. औषध नियमित सुरू झालं की संसर्ग झपाट्याने घटतो. जगभरच्या डॉक्टरांनी हा धडा मद्रासकडून घेतला. आपल्या सोयरिकींत तो अजून पोचायचा आहे.

ठरल्याप्रमाणे मी अमरावतीला गेलो. मुर्तिजापूर, बडनेरा मागे टाकत एस.टी. पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. मुलाचे आजोबा निवृत्त मास्तर, शिस्तीचे. मी लेजर, रीळ, लाल शाई सगळं सांगितलं. त्यांनी विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यावी तसं ऐकून घेतलं. मग मी म्हणालो, "मास्तर, या मुलीचा आजा १९९४ साली गेला. ही जन्मली २००२ साली. त्याचा वारासुद्धा तिला लागला नाही."

"तुमच्या शब्दावर सोयरीक करू म्हणता?" ते म्हणाले.

"माझ्या शब्दावर नको. छातीचा एक फोटो काढा. पण दोन्ही घरच्यांचा काढा."

मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग आतल्या खोलीकडे पाहत हळूच म्हणाले, "आमच्या धाकट्या बहिणीला झाला होता. साठ साली. आम्ही कुणाला सांगितलं नाही." आत बांगड्या वाजल्या. त्यानंतर बोलणं तारखेवर आलं.

अशी न सांगितलेली माणसं आपल्या घराघरांत आहेत. २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख माणसांना क्षय झाला, साडेबारा लाख दगावली, आणि रुग्णांतला चौथा हिस्सा एकट्या भारतातला होता. १९९७ पासून देशात नवा कार्यक्रम आला, औषधं फुकट मिळतात, सहा महिन्यांवर आली. थुंकीची सीबीनॅट तपासणी दोन तासांत उत्तर देते. २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. मी आयुष्यभर लोकांच्या खात्यांत पैसे जमा केले, पण यापेक्षा मोलाची नोंद पाहिलेली नाही. एवढं असूनही रुग्ण लपतो, कारण तपासणीपेक्षा त्याला आपल्या जिभेचं भय जास्त आहे.

परतताना मी दर्यापूरच्या वाटेने गेलो. दफ्तरीची बायको आता सत्तरीच्या पुढे आहे. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर पोत्यावर बसलो आणि म्हणालो, "वहिनी, तेरवीच्या दिवशी मी एक बोललो होतो. ते चुकीचं होतं. त्याच्या अंगात जोर होता. गोळ्या सोडल्याचं मी विचारायला पाहिजे होतं, ते विचारलं नाही."

तिने सूपातलं कचकूळ बाजूला केलं. "जोर होता थे मले ठावं होतं, साहेब," ती म्हणाली. "पोतं एका हातानं उचलत होते. गोयाचं म्याबी इचारलं नाई. खोकला गेला, म्हणून म्याच म्हणलं, राहू द्या आता." मग सूप पुढे सरकवलं. "बसा. चहा मांडते."

घरात, कचेरीत, शेजारी कुणी क्षयाचं औषध घेत असेल, आणि दोन महिन्यांनी हसत येऊन म्हणाला की आता मी बरा आहे, तर त्याच्या पाठीवर थाप जरूर मारा. पण त्याआधी तो एक प्रश्न विचारा.